गणपतीच्या कार्यक्रमासाठी थरांचे बार: साठ-सत्तर माणसं, घरचा ओटीजी आणि अंडं नाही

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम आहे, साठ-सत्तर माणसं येतील. बिस्किटाचा तळ, त्यावर कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट, खोबरं, सुकामेवा असे थरांचे बार करायचे आहेत. घरी 30 लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, अंडं चालणार नाही आणि सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं आहे. मागच्या वेळी कापताना चुरा झाला आणि तळ ओलसर राहिला. काय चुकलं असेल, आणि एवढ्या लोकांसाठी प्रमाण कसं काढायचं?

ताई, आधी कापण्याबद्दल बोलते. गर्दीसाठी करताना सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. कार्यक्रमात लोक उभे असतात, कडेवर मूल असतं, एका हातात सरबताचा ग्लास असतो. अशा वेळी ताटली-चमच्याशिवाय दोन-तीन घासांत संपेल, हातात मोडणार नाही आणि बोटांना फार चिकटणार नाही असा तुकडा लागतो. म्हणून साधारण सव्वाचार सेंटिमीटरचा चौकोन धरा. 10 इंची चौकोनी ट्रेचे सहा गुणिले सहा, म्हणजे 36 तुकडे होतात. एक तुकडा तीसेक ग्रॅमचा भरतो आणि हे बार इतके गोड असतात की तेवढा पुरतो. सत्तर माणसांना सत्तर तुकडे मात्र पुरणार नाहीत. पोरं मोजून घेत नाहीत आणि घेऊही नयेत. तीन ट्रे करा, 108 तुकडे होतील.

तिन्ही ट्रे एकाच चवीचे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन ट्रे चॉकलेट-खोबऱ्याचे आणि एक लिंबाचा. वडापाव किंवा समोशानंतर आंबट-गोड काहीतरी मिळालं की मोठी माणसं खूश होतात.

बाजारातून ट्रे आणण्याआधी ओटीजीच्या आतली रुंदी आणि खोली टेपने मोजा. ट्रेच्या चारही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरत नाही, कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. अमेरिकी कृतींमधला 9 बाय 13 इंचांचा ट्रे 30 लिटरच्या काही ओटीजींत कसाबसा शिरतो, पण शिरणं वेगळं आणि नीट भाजणं वेगळं. 10 इंची चौकोन बहुतेक ठिकाणी बसतो. बसला नाही तर 8 इंची घ्या आणि प्रमाण क्षेत्रफळावरून काढा: 10 इंची म्हणजे 100 चौरस इंच, 8 इंची म्हणजे 64, तेव्हा सगळं साहित्य साधारण दोन तृतीयांश. ट्रे ॲल्युमिनियमचा आणि दीड इंच उंच असला की झालं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळतो. काचेचं भांडं या कामाला नको. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते, त्यामुळे तळ भाजला जाईपर्यंत कडेचं दूध कडक होऊन बसतं.

हे बार मूळचे अमेरिका-कॅनडातल्या घरांतले, चर्चच्या जेवणांत आणि शाळांच्या विक्रीत मांडले जाणारे. घोटायचं-फेटायचं काही नाही, डब्यातलं दूध ओतलं की दूध आणि साखर दोन्ही आली. गेल बोर्डेनने 1856 साली दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे तो डबा तिकडच्या प्रत्येक फडताळात जाऊन बसला. तळाला तिथे ग्रॅहम क्रॅकर वापरतात. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे कट्टर पुरस्कर्ते, त्यांच्या नावावरून ते बिस्किट आलं. म्हणून आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे डायजेस्टिव्ह. मारीही चालतं, पण इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. डायजेस्टिव्हमध्ये शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम फॅट असतं, मारीत साधारण त्याच्या निम्मं. दोन्हीला सारखंच बटर घातलं तर मारीचा तळ सुटतो किंवा डायजेस्टिव्हचा तेलकट होतो. 200 ग्रॅम मारीला 100 ग्रॅम बटर लागतं, 200 ग्रॅम डायजेस्टिव्हला 80 ते 85 पुरतं. आपलं रोजचं खारं बटरच घ्या. एवढ्या गोडाला ते मीठ हवंच असतं.

एका 10 इंची ट्रेचं पूर्ण प्रमाण असं: 200 ग्रॅम बिस्किटं, वर सांगितल्याप्रमाणे वितळलेलं बटर, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (380 किंवा 400 ग्रॅम, कोणताही), 200 ग्रॅम डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे, 80 ग्रॅम सुकं खोबरं, 100 ग्रॅम अक्रोड-काजू-बदाम जाडसर चिरून. तिकडे 9 बाय 13 च्या मोठ्या ट्रेलाही एकच डबा घालतात. मी लहान ट्रेला तेवढाच घालते, कारण तिथलं खोबरं ओलसर आणि गोडवलेलं असतं, तर आपलं डेसिकेटेड कोकोनट कोरडं असतं आणि बरंच दूध पिऊन टाकतं.

खोबरं ओलं खोवलेलं नको, त्यातल्या पाण्याने तळ मऊ पडतो आणि पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. निम्मं डेसिकेटेड आणि निम्मं घरी किसलेलं सुकं खोबरं घेतलं तर चव फार छान येते. किसाला स्वतःचं तेल असतं, भाजल्याचा खमंग वास त्यालाच येतो. फक्त तो लवकर करपतो, म्हणून थोडा दुधाखाली जाईल असा पसरा.

चॉकलेट खरं घ्या, म्हणजे कोको बटरचं, 50-55 टक्क्यांचं डार्क. कंडेन्स्ड मिल्कमध्ये घातलेली साखरच चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असते. तिला कडवटपणाची जोड नसेल तर दुसऱ्या घासाला तोंड मिटतं. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य फॅट असते. ते उकाड्यात जास्त टिकतं हे खरं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. बजेट तंग असेल तर निम्मं-निम्मं करा. संपूर्ण मिल्क कंपाउंडचे बार मात्र करू नका, नुसतं गोड-गोड होतं.

आता चुऱ्याचं कारण. बिस्किटं मिक्सरमध्ये एकदम फिरवली की पीठ होतं आणि त्याचा तळ दगडासारखा बसतो. हाताने कुस्करली की मोठे तुकडे राहतात आणि सुरी लागली की तिथूनच फुटतं. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा, जाड्या रव्याइतकं कणीदार झालं की थांबा. बटर घालून हाताने चोळा. मूठभर घेऊन दाबलं तर मुटका व्हायला हवा आणि बोटाने ढकलला तर मोडायला हवा. मुटका होतच नसेल तर चमचाभर बटर आणखी. हाताला तेल दिसत असेल तर दोन बिस्किटं कुस्करून घाला.

ट्रेला बेकिंगचा पार्चमेंट कागद लावा, दोन बाजूंना कान बाहेर राहतील असा. बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं सगळंच ओव्हनला चालत नाही. ज्याला सिलिकॉनचा लेप नसतो ते दुधाला असं चिकटतं की शेवटी कागदासकट खावं लागेल. मिश्रण ओतल्यावर आधी चार कोपरे आणि कडा दाबा, मग मध्य. बहुतेक जणी मध्यापासून सुरुवात करतात, मग कोपऱ्यात पातळ थर राहतो आणि तेच तुकडे मोडतात. दाबायला सपाट बुडाची स्टीलची वाटी घ्या आणि खरंच जोर लावा. थर साधारण अर्धा सेंटिमीटर व्हायला हवा.

आणि मग हा तळ एकटा भाजायचा: 170 अंशांवर 10 मिनिटं. मूळ पद्धतीत बरेच जण हे करत नाहीत आणि कोरड्या हवेत त्यावाचून अडत नाही. आपल्याकडे भाद्रपदात बिस्किटांचा पुडा तासभर उघडा राहिला तर बिस्किट वाकतं. तळाच्या ओलसरपणाचं एक कारण हे असतं. दुसरं कारण, सगळं दूध थेट न भाजलेल्या तळावर ओतणं. तिसरं पुढे सांगते, आणि तुमच्या बाबतीत मला त्याचाच संशय जास्त आहे.

दुधाच्या थराबद्दल दोन पंथ आहेत. एक म्हणतो दूध तळावर ओता आणि बाकी सगळं वर पसरा. त्यात तळ घट्ट धरतो, पण वरचा मेवा सुटा राहतो आणि कापताना घरंगळतो. दुसरा म्हणतो आधी सगळं पसरा आणि दूध शेवटी ओता. मग वरचं छान चिकटतं, पण दूध खोबऱ्यातच मुरतं आणि तळापर्यंत नीट पोचत नाही. मी दूध वाटून घेते. साधारण 250 ग्रॅम गरम तळावर, उरलेलं 150 शेवटी वरून बारीक धारेने. मध्ये चॉकलेट, मेवा, खोबरं. वरची धार घालण्याआधी कागद ठेवून तळहाताने सगळीकडे हलकं दाबून घ्यायचं, म्हणजे चॉकलेटचे तुकडे खालच्या दुधात अर्धे रुततात. दूध घट्ट असेल तर पातेल्यात काढून किंचित कोमट करा, धार आपोआप सारखी पडते. बंद डबा उकळत्या पाण्यात टाकू नका.

ओटीजी आधी 15 मिनिटं 175 अंशांवर तापवा. ट्रे मधल्या जाळीच्या एक पायरी खाली, दोन्ही रॉड चालू. 25 ते 28 मिनिटं लागतात, पण वेळेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा, कारण घरगुती ओटीजीचं बटण आणि आतली उष्णता यांत 10-20 अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनचा छोटा थर्मामीटर शे-दोनशेपासून मिळतो, जरूर घ्या. पंधराव्या मिनिटाला ट्रे फिरवा. खोबरं आधीच सोनेरी झालं तर वरचा रॉड बंद करा किंवा फॉइल सैलसर टाका. झालं कधी म्हणायचं? कडेला दूध जाड बुडबुड्यांनी खदखदून तपकिरी व्हायला लागतं आणि मध्यावर त्याची ओली चकाकी जाऊन मंद लकाकी उरते. मध्य बोटाला मऊ लागेल, ते बरोबर आहे, निवताना तो बसतो. तिथे घट्ट होईपर्यंत ठेवलात तर कडा चिक्कीसारख्या कडक होतील.

ट्रे एका वेळी एकच. दोन जाळ्यांवर दोन ठेवले तर वरचा खालच्याची उष्णता अडवतो. एक भाजत असताना दुसऱ्याचा तळ दाबून ठेवा. तिन्ही ट्रे अडीच तासांत होतात.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत कडेने सुरी फिरवा, कारण कडेचं दूध निवल्यावर ट्रेला घट्ट धरतं. मग ट्रे जाळीवर, उघडा, पंख्याखाली नको. आणि हे तिसरं कारण: कोमट असताना झाकण घातलं की आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेच पाणी परत बारवर पडतं, तळात उतरतं. वर काही दिसत नाही, तळ मात्र ओला. संपूर्ण निवायला दोन तास लागतात. ट्रेच्या बुडाला खालून हात लावून बघा, तिथेही ऊब नको. त्यानंतर फ्रिजमध्ये आधी अर्धा तास उघडा, मग झाकून, किमान तीन-चार तास. रात्रभर उत्तम.

कापायचं थंडगारच. कागदाचे कान धरून पूर्ण चौकोन बाहेर काढा, पाटावर ठेवा. चारही कडा अर्धा सेंटिमीटर कापून टाका (घरच्यांना वाटून संपतात). पट्टीने खुणा करा. लांब, बिनदात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि वरून सरळ खाली दाबा. पुढे-मागे ओढलीत की खोबरं आणि अक्रोड उपटून येतात. दर कापाला सुरी पुसायची. कंटाळवाणं आहे, पण थर स्पष्ट दिसतात ते यामुळेच, आणि थर दिसावेत म्हणूनच तर हा खटाटोप.

लिंबाच्या ट्रेसाठी तळ वेगळा. 80 ग्रॅम पिठीसाखर, 160 ग्रॅम बटर, 240 ग्रॅम मैदा, म्हणजे वजनाने एकास दोन आणि तीन. बटर मऊ, वितळलेलं नाही. एकत्र चोळून ट्रेत दाबा, काट्याने टोचे मारा, 170 अंशांवर 20-22 मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. वरच्या थराला कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, 200 ग्रॅम ताजा चक्का, 100 मिलिलिटर लिंबाचा रस (सहा-सात रसरशीत लिंबं) आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर. चक्का आणि कॉर्नफ्लोर आधी गुठळी न राहता फेटा, मग दूध, शेवटी रस. रस पडताच मिश्रण डोळ्यांदेखत दाटतं: आंबटाने दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरायला लागतात. अंड्याशिवाय हा थर बसतो तो याच जोरावर. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा ‘की लाइम पाय’ हा लिंबाचा गोड पदार्थ याच तत्त्वावर उभा आहे, आणि ते ‘की लाइम’ म्हणजे आपलंच कागदी लिंबू. तेव्हा परदेशी पिवळी लिंबं शोधत फिरू नका, आपलं याला जास्त योग्य आहे. साल किसून घाला, पण फक्त हिरवा-पिवळा भाग. पांढरं आलं की कडू.

मिश्रण तळ गरम असतानाच ओता, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतात. 155 अंशांवर 20 मिनिटं. ट्रे हलवला की मध्य किंचित थरथरला पाहिजे. बुडबुडे किंवा तडे दिसले तर जास्त झालं. हे बार फ्रिजमध्येच ठेवायचे आणि टेबलावर अगदी वेळेला, दोन तासांच्या आत संपतील असे काढायचे. चॉकलेट-खोबऱ्याचे बाहेर एक दिवस सहज राहतात, फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस.

बिनओव्हनचे नॅनाइमो बार करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या नॅनाइमो शहराचे हे बार: खाली कोको-खोबऱ्याचा थर, मध्ये कस्टर्ड पावडर घातलेलं बटर आयसिंग, वर चॉकलेट. मूळ तळात अंडं असतं, त्याच्या जागी तीन-चार चमचे कंडेन्स्ड मिल्क चालतं. कस्टर्ड पावडर तर बिनअंड्याचीच. इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डने ती 1837 साली बायकोला अंडं सोसत नसे म्हणून केली होती. बार सुरेख लागतात, पण मधला थर म्हणजे जवळजवळ नुसतं बटर आणि साखर. भाद्रपदात ठाण्यात, एसी नसलेल्या हॉलमध्ये तो अर्ध्या तासात ओघळेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करा. तेव्हा वरचं चॉकलेट पूर्ण कडक व्हायच्या आत त्यावर कापायच्या रेषा आखून ठेवा, नाहीतर कापताना त्याला तडे जातात.

मार्शमेलो घालू नका. बहुतेकांत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. अंडं न चालणाऱ्या घरांत तेही चालणार नाही आणि पुड्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं कोणी वाचत नाही. एका ट्रेचा अर्धा भाग बिनमेव्याचा ठेवा, तिथे खोबरं वाढवा, आणि तो वेगळ्या डब्यात चिठ्ठी लावून न्या. एवढ्या मुलांत एखाद्याला मेव्याची ॲलर्जी असू शकते, त्यांच्या आयांना आधी विचारून घ्या.

एकूण खरेदी, दोन ट्रे चॉकलेटचे आणि एक लिंबाचा धरून: बिस्किटं 400 ग्रॅम, बटर 500 ग्रॅमचा एक पुडा, कंडेन्स्ड मिल्कचे तीन डबे, डार्क चॉकलेट 400 ग्रॅम, सुकं खोबरं 160, मेवा 200, मैदा 240, पिठीसाखर 80, चक्का 200 ग्रॅम, लिंबं आठ, कॉर्नफ्लोर घरात असेलच. चक्का मात्र बार करायच्या दिवशीच आणा, सणात डेअरीला आधी सांगून ठेवा. बाकी सगळं आठवडाभर आधी. सणाच्या तोंडावर चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्क हमखास संपलेलं असतं.

आदल्या दिवशी सकाळी नऊला सुरुवात केलीत तर दुपारी बारापर्यंत भाजून होतं, दोन-अडीचला फ्रिजमध्ये. कापायचं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. स्टीलच्या पसरट डब्यांत दोनच थर, मध्ये कागद. हॉलवर नेल्यावर डबा लगेच उघडू नका. थंड बारला दमट हवा लागली की त्यावर घाम येतो, चॉकलेट चिकट होतं आणि कुरकुरीत तळ परत मऊ पडतो. चॉकलेटचे डबे झाकण लावूनच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग उघडा. लिंबाचे मात्र बर्फाच्या पेटीत न्या आणि एका वेळी अर्धेच मांडा.